चिठ्ठी परत डब्यात

मला गणिताचा राग येतो. लोकांना भीती वाटते म्हणतात, मला सरळ रागच येतो. गणित अडलं की मी वही मिटते, पेन आपटते आणि घरात समोर जो येईल त्याच्यावर करवादते. बारावीनंतर लग्न झालं तेव्हा मनात म्हटलं होतं, सुटले एकदाची. पण सुटका कुठली व्हायला?

चाकणच्या एका कंपनीत मी गाड्यांचे पार्ट तपासायच्या कामावर आहे, कंत्राटी. कंत्राटी म्हणजे काही महिन्यांनी ठेकेदार बदलतो, गळ्यातलं कार्ड बदलतं, आणि कार्ड बदलायच्या आठवड्यात आपलं काम राहतं की जातं या धास्तीने कँटीनमध्ये सगळ्या बायका मान खाली घालून जेवतात. तर एक दिवस एचआरच्या मॅडमनी आमच्यातल्या पाचसहा जणींना बोलावलं. ताथवड्याच्या एका कॉलेजात दर रविवारी डिप्लोमाचा वर्ग भरणार होता, खर्च कंपनीचा. जी पूर्ण करेल तिला क्वालिटी खात्यात कायम करणार. कायम हा शब्द ऐकला आणि मी पुढचं काही न ऐकता हात वर केला. त्यात गणित आहे हे मला दुसऱ्या रविवारी कळलं.

त्यातही संख्याशास्त्र आणि संभाव्यता. आमचे सर तरुण होते, स्वभावाने मऊ, पण बोलायचं ते स्पष्ट बोलायचे. फेब्रुवारी संपता संपता ते म्हणाले, "या विषयाची वर्गचाचणी आहे. जे नापास होतील त्यांना सेमिस्टरला बसता येणार नाही. आणि तसं मला कंपनीला कळवावं लागेल." कळवलं की पुढे काय होणार ते आम्हाला माहीत होतं. नाव गळणार, ती जागा दुसरीला जाणार, आणि आपण पुन्हा कार्ड बदलायच्या आठवड्याची वाट बघत बसणार.

चाचणीच्या आधीच्या रविवारी सरांनी सरावाचा पेपर घेतला. त्यात मी आपटले. सरासरी कशीबशी जमली, मध्यक चुकला, आणि संभाव्यतेत तर सगळी गणितं चूक. गंमत म्हणजे सगळी एकाच पद्धतीने चूक. पिशवीत दहा चेंडू, त्यातले चार लाल. एक काढला, रंग बघितला, परत टाकला, मग दुसरा काढला. दोन्ही लाल असण्याची संभाव्यता किती? मी पहिल्याला चार छेद दहा लिहिलं, दुसऱ्याला तीन छेद नऊ. सरांनी लाल पेनाने लिहिलं होतं, "चेंडू परत टाकला आहे. प्रश्न नीट वाचा."

वाचला होता की. पण हात ऐकेना. आमच्या कामात हातात घेतलेला पार्ट तपासून झाला की तो पुन्हा आधीच्या बिनमध्ये, म्हणजे खोक्यात, टाकायचाच नसतो. चांगला असेल तर हिरव्या बिनमध्ये, खराब असेल तर लाल. तपासलेला न तपासलेल्यात मिसळला, तर सुपरवायझर सगळ्या लाइनसमोर पाणउतारा करतो. इतक्या वर्षांत ते अंगात मुरलं होतं. काढलेली वस्तू परत टाकायची हे माझ्या डोक्याला पटत होतं, हाताला पटत नव्हतं. वर्गात असलेल्या आमच्या कंपनीतल्या सगळ्याच जणींनी हीच चूक केली होती. सर चक्रावून गेले. त्यांना वाटलं आम्ही एकमेकींचं बघून लिहिलं.

आता माझ्या सासूबाईंचं सांगते. मी त्यांना आत्या म्हणते. चाकणच्या पुढे आमचं गाव, रस्त्याला आणि कंपन्यांना जाऊन उरलेली थोडी जमीन, त्यात कांदा. मालक, म्हणजे माझा नवरा, दुसऱ्या एका कंपनीत सेकंड शिफ्टला. त्यामुळे संध्याकाळी घरात आम्ही दोघीच, आणि दोघीही तापट. डिप्लोमाचं नाव काढलं तेव्हा भावकीतल्या लोकांनी नाकं मुरडली होती. रविवारी घरात कामाचा डोंगर, आणि ही निघाली कॉलेजला, पर्स लटकवून. त्या वेळी आत्या चुलीपुढून उठल्याही नाहीत. तिथूनच म्हणाल्या, "जाऊ द्या तिला. रविवारच्या भाकरी म्या थापीन. तुमच्या पोटाला कमी पडनार न्हाई." विषय तिथेच संपला. मी मात्र तेव्हा त्यांचे आभार मानले नाहीत. सासूचे आभार कसे मानायचे, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

सरावाच्या पेपरात आपटल्यावर त्या आठवड्यात माझी फर्स्ट शिफ्ट होती. चारच्या सुमाराला कंपनीच्या बसने घरी यायचे, चहा टाकायचे आणि अंगणात पुस्तक घेऊन बसायचे. अंगणात कांद्याचा ढीग. आत्या कांदा निवडायला बसलेल्या, मोठा एकीकडे, मध्यम एकीकडे, बारीक गोल्टी तिसरीकडे. पहिल्या दिवशी मी आपली मनातल्या मनात सूत्रं घोकत होते. थोड्या वेळाने आत्या म्हणाल्या, "काय पुटपुटतीस? मोठ्यांदा सांग की."

"तुम्हाला काय कळणार आहे आत्या त्यातलं?"

"न्हाई कळलं तर तू हायेस की सांगाया. का तुलाच येत न्हाई?"

मला असा राग आला म्हणून सांगू. पण खरंच येत नव्हतं. म्हणून तोऱ्यात सांगायला बसले. ढिगातले सात कांदे उचलले, लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने मांडले आणि म्हटलं, "हा मधला. याला मध्यक म्हणायचं." आत्यांनी शेवटचा कांदा उचलला आणि त्याच्या जागी एक भला मोठा जोडकांदा ठेवला. "आता?" मी म्हटलं, "आता बी मधला तोच." बोलले आणि थांबलेच. सर दोन रविवार जे सांगत होते, की एखादा आकडा फार मोठा आला तर सरासरी पळते पण मध्यक हलत नाही, ते समोर पडलेलं होतं. आत्यांना त्याचं काही नव्हतं. त्यांनी जोडकांदा परत ढिगात टाकला आणि विचारलं, "आन् ती सरासरी काढून हुतंय काय? व्यापारी कुठं सरासरी बघतोय? त्यो गोणीच्या तोंडाचा कांदा बघतोय."

"म्हणून तर तुम्ही तोंडाला चांगला लावता."

"मंग काय, सडका लावू?" त्या हसल्या. मी पण हसले. नमुना कसा निवडायचा, तो वरवरचा का नसावा, हा धडा त्या हसण्यातच झाला. पुढे आयुष्यात तो मी कधी विसरेन असं वाटत नाही.

असे तीन दिवस गेले. त्या विचारायच्या, मी सांगायचे. कुठे अडखळले की त्या लगेच म्हणायच्या, "हितं तू लपवाया लागलीस." आणि मी खरोखर लपवत असायचे, न समजलेलं भराभरा बोलून पुढे जात असायचे. मग चरफडत पुस्तक उघडायचं, पुन्हा वाचायचं, पुन्हा सांगायचं. स्वयंपाकाची वेळ झाली की त्या मला उठू द्यायच्या नाहीत, स्वतः उठायच्या. धार काढायच्या, भाकरी थापायच्या, आणि आतून ओरडून विचारायच्या, "मंग त्या बहुलकाचं काय झालं?"

चौथ्या दिवशी संभाव्यता काढली. टोपलीत दहा कांदे घातले, चार गोल्टी, सहा मोठे. "आत्या, डोळे मिटून एक काढा. गोल्टी यायची संभाव्यता किती?" आत्यांनी हात घातला आणि चटकन गोल्टी काढली. पुन्हा घातला, पुन्हा गोल्टी.

"अहो, असं कसं?"

"हाताला कळतंय की. जन्म गेला कांदा निवडण्यात."

"हाताला कळून चालत नाही. सगळे हाताला सारखे लागले पाहिजेत."

"मंग चिठ्ठ्या कर," त्या म्हणाल्या, आणि म्हणता म्हणताच त्यांचा चेहरा उतरला. का, ते मला माहीत होतं. आमच्या गल्लीत सगळ्यांनाच माहीत होतं.

त्याच्या आदल्या वर्षी संक्रांतीला गावात मोठं हळदीकुंकू झालं होतं. सरपंचपदाला उभं राहायची इच्छा असलेल्या एका बाईंनी मांडव घातला, माइकवाला निवेदक आणला, लकी ड्रॉ ठेवला. येणाऱ्या प्रत्येक बाईने आपल्या नावाची एक चिठ्ठी मोठ्या प्लॅस्टिकच्या डब्यात टाकायची. पहिलं बक्षीस कुकर, दुसरं पैठणी. कुकरला आमच्या शेजारच्या काकूंचं नाव निघालं. टाळ्या झाल्या. नंतर पैठणीची चिठ्ठी काढली, आणि पुन्हा काकूंचंच नाव. मांडवात एकच गलका झाला. काकू तर उठायलाच तयार नव्हत्या, निवेदकानेच बोलावून त्यांच्या खांद्यावर पैठणी टाकली. आणि त्याच वेळी आमच्या आत्या सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलल्या, "दोन चिठ्ठ्या टाकल्याशिवाय दोनदा नाव निघंल व्हय?"

या दोघी एकाच उन्हाळ्यात लग्न होऊन गावात आलेल्या. एकमेकींची बाळंतपणं त्यांनी केली, दोन घरांच्या मधल्या भिंतीवरून कालवणाच्या वाट्या इकडून तिकडे जायच्या. त्या दिवसापासून वाट्या थांबल्या. पाण्याला वेगळी वेळ, चाऱ्याला वेगळी वाट. आत्यांपुढे कुणी काकूंचं नाव काढायचं नाही.

तरी मी चिठ्ठ्या केल्या. जुन्या कॅलेंडरचं पान फाडलं, दहा तुकडे केले, प्रत्येकावर एक आकडा लिहिला आणि लोणच्याच्या रिकाम्या बरणीत टाकले. एक काढली, वाचली, आणि बाजूला ठेवली.

"पुस्तकात काय म्हनलंय?" आत्यांनी विचारलं.

"परत टाकायची."

"मंग टाक की."

मी टाकली. बरणी हलवली, दुसरी काढली, वाचली, आणि पुन्हा बाजूला ठेवली. आत्यांनी माझ्या हातावर चापट मारली. "अगं, परत टाक." असं कितीतरी वेळा झालं. दर वेळी माझा हात बाजूला जायचा, दर वेळी चापट बसायची. पुढे पुढे त्या चापट मारायच्या आधीच हात बरणीकडे वळायला लागला. आणि तेवढ्यात सातचा आकडा आला. परत टाकला, बरणी हलवली, काढली, तर पुन्हा सातच.

"हीच तर आत्ता आली हुती," आत्या म्हणाल्या.

"मग? परत टाकली ना. ती पण बरणीतच आहे. बाकीच्यांइतकीच तिलाही संधी."

"सातची एकच चिठ्ठी हाय ना? का दोन लिवल्यास?"

"एकच आहे आत्या. ओतून दाखवू?"

मी हातातला सात परत टाकून बरणी ओतली. त्यांनी सगळ्या चिठ्ठ्या पदरावर पसरून बघितल्या. एकच सात होता. ती चिठ्ठी उचलून त्यांनी उलटसुलट करून बघितली. मग हळू आवाजात म्हणाल्या, "त्या माइकवाल्याच्या एका हातात माइक हुता. नाव वाचलं, आन् चिठ्ठी डब्यात टाकली परत. म्या पुढंच बसले हुते. ह्या डोळ्यांनी बघितलं." एवढं बोलून त्या उठल्या आणि म्हशीकडे गेल्या. धारेची वेळ झाली नव्हती.

मी त्यांच्या मागे गेले नाही. बरणी पुढ्यात घेऊन तशीच बसले. माझं गणित सुटलं होतं आणि मला आनंद करावासा वाटत नव्हता.

रविवारी चाचणी. सकाळी चाकणच्या तळेगाव चौकात कंटेनरच्या रांगेत बस अडकली तेव्हा मी सारखी घड्याळ बघत होते. वर्गात पोचले तेव्हा सर पेपर वाटत होते. पहिली गणितं बरी गेली. मध्यकाला मला सात कांदे दिसले. आणि मग चौथा प्रश्न वाचला. एका बिनमध्ये बारा पार्ट आहेत, त्यातले तीन खराब. एक पार्ट काढून तपासला व परत त्याच बिनमध्ये ठेवला. मग दुसरा काढला. दोन्ही खराब असण्याची संभाव्यता काढा. सरांना कुठून सुचलं कुणास ठाऊक, पण बिन आणि पार्ट म्हटल्यावर माझा हात थेट कंपनीत गेला. तीन छेद बारा लिहिलं, आणि पुढे दोन छेद अकरा लिहून पण टाकलं.

मग हातावर चापट बसल्यासारखं झालं. खोटं सांगत नाही, मी उजव्या हाताकडे बघितलं. दोन छेद अकरा खोडलं, तीन छेद बारा लिहिलं, गुणाकार केला. एक छेद सोळा. माझ्या शेजारी बसलेली आमच्याच लाइनवरची मैत्रीण खिडकीबाहेर बघत होती. तिला खुणेने सांगावंसं वाटलं, पण सरांनी आधीच आमच्यावर एकदा संशय घेतला होता. गप्प बसले.

पुढच्या रविवारी पेपर मिळाले. मी पास झाले. फार गुण नव्हते. त्या एका गणिताचे गुण वजा केले असते, तर नापासच होते. माझी मैत्रीणही सुटली, तिला दुसऱ्या गणितांनी वाचवलं. मी चौकात उतरून पेढे घेतले आणि घरी आले. आत्या अंगणात होत्या. पेढ्यांचा पुडा बघूनच त्यांना कळलं. मी वाकून पाया पडले आणि सणवार नसताना, कुणी सांगितलेलं नसताना पहिल्यांदा मनातलं बोलले. म्हटलं, "आत्या, तुमच्यामुळे झाले. तुम्ही विचारत बसला नसता तर मला काहीच आलं नसतं. रविवारच्या भाकरींचं पण राहूनच गेलं होतं सांगायचं."

"भाकरीचं काय सांगतीस," त्या म्हणाल्या. पण डोळे पुसले. मग माझ्या हातातला पुडा घेतला, अजून उघडलेलाही नव्हता, आणि चपला घालून शेजारच्या दाराकडे निघाल्या. मी मागोमाग गेले. देवापुढे पेढा ठेवायचा राहिला हे सांगायचं धाडस मला झालं नाही.

काकू दारातच भांडी घासत होत्या. आत्यांना बघून हात तसाच थांबला.

"ही पास झाली," आत्या म्हणाल्या.

"बरं झालं. लई बरं झालं."

"तुझी चिठ्ठी एकच हुती."

काकूंनी हातातलं भांडं खाली ठेवलं.

"त्या माइकवाल्यानं वाचून परत टाकली हुती. म्हनून दोनदा आली. म्या बघितलं हुतं, ध्येनात आलं न्हाई. आन् चारचौघींत तुला बोलले."

काकूंनी राखेचे हात पदराला पुसले. "मला वाटलं, माझ्या लेकीनंच माझ्या नावाची आनखी एक घातली आसंल," त्या म्हणाल्या. "ती आली हुती ना संक्रांतीला. घरी येऊन तिला न्हाई न्हाई ते बोलले म्या. ती न्हाई म्हनत हुती, तरी बोलले. तवापासनं ती माहेरपनाला आली न्हाई."

आत्या उंबऱ्यावरच बसल्या. मला तिथे उभं राहवेना आणि निघवेनाही. काकू आत गेल्या आणि पैठणी घेऊन आल्या. जांभळी, मोठ्या काठाची, अजून प्लॅस्टिकच्या पिशवीतच. घडीसुद्धा मोडलेली नव्हती. "कुठं नेसू ही?" त्या म्हणाल्या. "नेसली की लोक म्हनायचे, बघा, चोरीची."

आत्यांनी पुड्याचा दोरा तोडला आणि पहिला पेढा काकूंच्या हातावर ठेवला. "आधी लेकीला फोन लाव," त्या म्हणाल्या. "लागला की मला दे. तिला म्या सांगते, कसं झालं ते. न्हाई उमजलं तर माझी सून सांगंल." फोन लागला. आत्यांनी बोलायला सुरुवात केली, पण दोन वाक्यांतच त्या चिठ्ठीपाशी अडखळल्या आणि त्यांनी फोन माझ्याकडे दिला. बारा पार्टांच्या गणितापेक्षा अवघड होतं ते. तरी मी सांगितलं, डबा, चिठ्ठी, परत टाकलेली चिठ्ठी, सगळं. मग ती म्हणाली, "आईला सांगा, पाडव्याला येते."

माझं डिप्लोमाचं शेवटचं वर्ष चालू आहे. कायम होईन की नाही ते अजून ठरायचंय, पण माझं नाव यादीत आहे, आणि ते कुणामुळे आहे हे मला पक्कं माहीत आहे.

त्या पाडव्याच्या सकाळी मी आणि आत्या गच्चीवर गुढी बांधत होतो. शेजारच्या गच्चीवर काकू आणि त्यांची लेक. त्यांच्या काठीला जांभळी पैठणी लावलेली होती, सगळ्या गल्लीला दिसेल अशी. आत्या हातातला लिंबाचा डहाळा तसाच धरून त्या पैठणीकडे बघत राहिल्या. मला वाटलं आता रडतील.

"निऱ्या नीट घातल्या न्हाईत तिनं," त्या म्हणाल्या, डहाळा माझ्या हातात दिला आणि जिना उतरून काकूंकडे निघून गेल्या. आमची गुढी अर्धीच बांधून झाली होती. उरलेली मी बांधली.